बो हंटिंगसाठी ग्राउंड ब्लाइंड: आधी खुर्ची, मग खिडकी, कॅमो सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहणारा एक मराठी मित्र, दोन वर्षं रेंजवर कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) चालवतोय, ड्रॉ लेंथ (दोरी मागे ओढायचं अंतर) २८ इंच, ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर) ५५ पाउंड. राज्याच्या नैऋत्य भागात एका शेतकऱ्याने त्याला ४० एकरांवर शिकारीची परवानगी दिली आहे, सोबत आठ वर्षांचा मुलगा बसणार, बजेट ३०० डॉलर. विचारतोय की दादा, कुठला ग्राउंड ब्लाइंड (जमिनीवर लपून बसायचा तंबू) घेऊ, का सरळ ट्री स्टँडच (झाडावरची बैठक) घेऊ?

आधी ट्री स्टँडचं सांगून टाकतो म्हणजे तो विषय संपेल. मुलगा बरोबर असेल तर ग्राउंड ब्लाइंडच घे. झाडावरून लांबचं दिसतं, हरणाची नजर सहसा वर जात नाही, सगळं मान्य, पण पंधरा-वीस फुटांवर आठ वर्षांच्या पोराला घेऊन बसायचं, त्याचाही हार्नेस बांधायचा, पहाटेच्या काळोखात शिडी चढायची, संध्याकाळी काळोखातच उतरायची, आणि स्टँडवरून पडणं हे इथल्या शिकारीतल्या गंभीर दुखापतींचं मोठं कारण आहे. पोर जमिनीवर असलेलं बरं. शिवाय नोव्हेंबरच्या वाऱ्यात झाडावर ते एक तास टिकणार नाही, ब्लाइंडमध्ये चार तास बसेल.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आपल्याकडे ज्वारीच्या राखणीला शेतात माळा बांधतात तसा इथला ट्री स्टँड, आणि पक्ष्यांचे फोटो काढणारे ज्याला लपण म्हणतात ते म्हणजे ग्राउंड ब्लाइंड. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे त्यामुळे तिकडे लपणात बसायचं ते कॅमेरा घेऊन. मी खाली लिहितोय ते इकडच्या व्हाइटटेल हरणांबद्दल, लायसन्स काढून, सीझनमध्ये, मालकाच्या परवानगीने.

आता ब्लाइंड. दुकानात गेलास की पहिली नजर जाते ती कॅमोच्या, म्हणजे जंगलात मिसळून जाणाऱ्या छपाईवर, ओकची पानं, झाडाची साल, वाळलेलं गवत, आणि बरेच जण त्यावरच निवडतात, मीही पहिला तसाच निवडला होता. पण हरणाला त्या छपाईचं काही पडलेलं नसतं. रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यात दोनच, त्यामुळे लाल-नारिंगी त्याला मळकट दिसतं, निळा मात्र चांगलाच दिसतो, आणि बारीक तपशील त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. त्याला कळते ती हालचाल, चमक, आणि काल इथे नव्हता असा एक गोळा आज उभा आहे ही गोष्ट. तेव्हा कॅमो शेवटी बघ. सगळ्यात आधी बघायचं ते हे, की खुर्चीवर बसून तू बो पूर्ण ताणलास तर तुझा बाण खिडकीतून बाहेर जातो का.

हे मी शिकलो ते असं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, सकाळी साडेआठची वेळ, जमिनीवर पांढरं दव गोठलेलं, आणि एक मोठा बक, म्हणजे नर हरीण, अठरा यार्डांवर आडवा उभा. पिन, म्हणजे बोवरची नेमाची खूण, पुढच्या पायाच्या मागे बरोबर बसली होती, मधे एक काडीसुद्धा नव्हती. बाण सोडला आणि थड असा आवाज आला तो हरणाकडून नाही, माझ्या समोरच्या कापडातून. बाण खिडकीच्या खालच्या कडेतून गेला होता, ब्रॉडहेडने, म्हणजे बाणाच्या टोकाच्या पात्याने, चार बोटांएवढा काप पडला, बाणाची दिशा बदलली आणि तो त्याच्या पोटाखालून जाऊन मातीत घुसला. बक दोन उड्यांत गेला. त्याला लागलं नाही यासाठी मी आजही देवाचे आभार मानतो, कारण तो बाण दोन बोटं वर असता तर पोटात लागला असता, आणि असं जनावर रात्रभर तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही.

झालं काय ते नीट समजून घे. आपण बघतो पीपमधून, म्हणजे दोरीत बसवलेल्या नेमाच्या भोकातून, पिनकडे, आणि बाण असतो त्या नजरेच्या खाली, साधारण चार इंच. वीस यार्डांवर दोन्ही एका ठिकाणी येतात, पण खिडकी तर तुझ्यापासून हात-दीड हातावर, तिथे ते चार इंच जवळजवळ तसेच असतात. म्हणजे डोळ्याला हरीण पूर्ण मोकळं दिसतंय आणि त्याच वेळी बाणाच्या तोंडासमोर कापड आहे. उभं राहून रेंजवर सराव करणाऱ्याला हे कधीच जाणवत नाही.

म्हणून मोजमाप कर. माझं सांगतो, मी पाच फूट आठ इंच, खुर्चीची बैठक १८ इंचांवर. बसलो की डोळा जमिनीपासून ४८ इंचांच्या आसपास येतो, म्हणजे बाण ४४ वर. बो ३२ इंची, म्हणजे खालचा कॅम (बोच्या टोकाचं चाक) २८ वर आणि वरचा ६० वर. यावरून मला कळतं की खिडकीची खालची कड मला ३४ इंचांच्या वर नको, चढावर बसून खाली मारायचं असेल तर त्याहून खाली हवी, आणि छत साठच्या बरंच वर हवं. इथे फसायला होतं कारण डब्यावर लिहिलेली ६६ किंवा ७० इंच उंची ही मधोमध असते, कडेला छत उतरत येतं, आणि तुझा वरचा कॅम मधोमध नसतो, तो खिडकीच्या बाजूला असतो. घरी हॉलमध्ये तीच खुर्ची ठेव, बो ताण, आणि मुलाला टेप घेऊन बाणाची आणि दोन्ही कॅमची उंची मोजायला सांग, कागदावर लिहून ठेव. बाण न लावता ताणलास तर सोडायचा नाही, हळूहळू परत आणायचा, ड्राय फायर झाला तर बो तुटून तुला आणि शेजारच्या पोरालाही लागू शकतो. मुलाला बाजूला आणि जरा मागे उभा कर.

कोणी लाँगबो वापरत असेल, ६६-६८ इंचांचा, तर याच हिशेबाने त्याचं वरचं टोक साडेसहा फुटांपर्यंत जातं, त्याने धनुष्य तिरकं धरायची सवय केली नाही तर बहुतेक ब्लाइंड त्याच्यासाठी बाद. क्रॉसबोवाल्यांची अडचण वेगळी, त्यांचे लिंब, म्हणजे धनुष्याचे दोन हात, आडवे असतात आणि बाण सुटताना बाहेर झटकतात, खिडकीच्या कडेला किंवा खांबाला लागले तर नुकसान ठरलेलं. तुझा कंपाउंड आहे त्यामुळे तू मधल्या वाटेत आहेस.

उंचीनंतर रुंदी. बो पूर्ण ताणल्यावर पुढच्या स्टॅबिलायझरपासून (तोल सांभाळायची दांडी) मागच्या कोपरापर्यंत साडेचार फूट सहज होतात. त्यात खिडकीला चिकटून बसायचं नाही, बाणाचं पातं कापडाला लागता कामा नये आणि बो बाहेर डोकावता कामा नये, म्हणजे थोडं मागे सरकून बसायचं, आणि मग मागच्या भिंतीला कोपर लागतं. कोपर लागलं की अख्खा ब्लाइंड हलतो आणि बाहेरून ते दिसतं. हब ब्लाइंडवर दोन मापं लिहिलेली असतात, एक जमिनीवरच्या पायाचं आणि दुसरं एका हबपासून समोरच्या हबपर्यंतचं, हब म्हणजे भिंतीच्या मधोमध बाहेर ओढायची ती गाठ. एकट्यासाठी हब ते हब ७० इंच ठीक, पण मुलगा, त्याची खुर्ची, दोघांच्या बॅगा म्हटलं तर ८० च्या खाली येऊ नकोस. डब्यावर दोन माणसांसाठी लिहिलेलं असतं ते बंदूकवाल्या दोन माणसांसाठी असं समज. बोवाल्याने त्यातून एक माणूस वजा करायचा.

आता अंधार, आणि हा मुद्दा मला खिडकीइतकाच महत्त्वाचा वाटतो. ब्लाइंडमध्ये आपण कापडामागे लपतो असं वाटतं, पण बाण मारायला खिडकी उघडी असते, तिथे कापड नसतंच. तिथे आपल्याला लपवतो तो आतला काळोख. दुपारी रस्त्यावरून जाताना एखाद्या जुन्या घराच्या उघड्या दारातून आतलं काही दिसत नाही, तसं. म्हणून आतून काळं अस्तर हवंच, आणि मारायची खिडकी सोडून बाकी सगळ्या बंद, विशेषतः पाठीमागची. मागची खिडकी बोटभर जरी उघडी राहिली तर तुझ्या डोक्याची आणि खांद्यांची काळी आकृती हरणाला समोरून स्पष्ट दिसते, आणि तू बो उचललास की ती हलते. आत बसताना कॅमो जॅकेट घालायचं नाही, वर काळा हुडी, काळे हातमोजे, तोंडावर काळा मास्क, मुलालाही तसंच. आपण विसरतो ते चष्मा आणि हातातलं घड्याळ, त्यांची चमक सांभाळायची.

स्वस्त ब्लाइंडचं कापड पातळ असतं, १५० डेनियरचं वगैरे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), ३०० किंवा त्याहून जाड मिळालं तर ते घे. ओळखायची साधी रीत सांगतो, दुपारी बारा वाजता अंगणात उभा कर, आत जा, सगळं बंद कर आणि वर बघ. शिवणीतून आणि कापडातून चांदण्या पडल्यासारखे ठिपके दिसले तर तो परत कर. मग संध्याकाळी पाचला मुलाला आत खुर्चीवर बसव, एक खिडकी उघड आणि तू वीस यार्ड लांब जाऊन गुडघ्यावर बसून बघ. मुलाने हात हलवल्यावर तुला कळलं तर हरणाला कळणारच.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो पण हलकं घेऊ नकोस. वेल्क्रो लावलेल्या खिडक्या असतील तर तो ब्लाइंड घेऊच नकोस, शांत जंगलात तो चर्र आवाज लांबवर जातो. चेन म्हणजे झिपर चालते पण थंडीत अडकते आणि एका हाताने उघडत नाही, त्यापेक्षा हुकात अडकवायच्या दोऱ्या किंवा सरकणारं कापड बरं. दुकानात एका हातात बो आहे असं धरून दुसऱ्या हाताने खिडकी उघडून बघ, पाच-सहा वेळा, दुकानदार काही म्हणत नाही. आणि प्रत्यक्ष शिकारीला खिडकी उजाडायच्या आधीच हवी तेवढी उघडून ठेवायची, हरीण आल्यावर तिला हात लावायचा नाही.

प्रकार बरेच आहेत पण तुझ्यासाठी निवड सोपी आहे. प्लायवूडचे किंवा प्लॅस्टिकचे बॉक्स ब्लाइंड मस्त असतात, गरम, शांत, पण ते ज्याची जमीन त्याच्यासाठी, परवानगीच्या जमिनीवर नाही. गवताच्या गंजीसारखे दिसणारे ‘हे-बेल’ (hay bale) ब्लाइंड उघड्या शेताच्या कडेला फार छान लपतात पण जड असतात आणि झाडीत विचित्र दिसतात. गाडीच्या काचेला लावायच्या सनशेडसारखे पिळून घडी होणारे स्प्रिंग स्टीलचे स्वस्त आणि हलके, पण वाऱ्यात फडफडतात आणि घडी घालताना भल्याभल्यांना घाम फुटतो. तुला हब ब्लाइंडच हवा, पाच हबवाला, चार भिंती आणि छत बाहेर ओढले की दोन मिनिटांत उभा. फायबरग्लासच्या काड्या जाड बघ, आणि हबचे सांधे धातूचे असतील तर उत्तम.

हल्ली बाहेरचं दिसणाऱ्या जाळीच्या भिंतींचे ब्लाइंड आलेत, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. सुरुवातीला माझा विश्वास नव्हता, आता माझ्याकडे तोच आहे, आणि मुलगा सोबत असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. कारण साध्या ब्लाइंडमध्ये पोराला काहीच दिसत नाही, मग ते उठतं, खिडकीशी जातं, बाबा आलं का आलं का विचारतं. जाळीतून त्याला खारी दिसतात, पक्षी दिसतात, ते आपोआप गप्प बसतं. फक्त दोन गोष्टी पाळ. तिन्ही बाजूंनी जाळी असेल तर तुझ्या पाठीमागची चौथी भिंत पूर्ण काळी हवी, आणि सूर्य खाली आलेला असताना तो तुझ्या मागून येता कामा नये, नाहीतर ब्लाइंड कंदिलासारखा दिसतो. शेवटच्या वीस मिनिटांत जाळीतून जरा अंधुक दिसतं, मारायचा बाण मात्र उघड्या खिडकीतूनच असतो त्यामुळे तिथे अडचण नाही.

खिडकीवर लावायची शूट-थ्रू जाळी मिळते, तिच्यातून बाण मारता येतो म्हणतात. फिक्स्ड ब्लेडचा, म्हणजे न मिटणाऱ्या पात्यांचा, ब्रॉडहेड असेल तरच. मेकॅनिकल ब्रॉडहेडची पाती जाळीला लागून आतच उघडतात आणि बाण भरकटतो. मी ती जाळी काढून टाकतो, माझं आयुष्य तेवढं सोपं होतं.

किंमत. शंभर डॉलरला मिळतो तो एक-दोन सीझनचा. दोनशे ते तीनशेमध्ये जाड कापड, चांगल्या काड्या, शांत खिडक्या, आणि शोधलंस तर जाळीच्या भिंतीही मिळतात, तिथेच थांब. प्रायमॉसच्या डबल बुलचं नाव सगळे घेतात, तो चांगला आहेच, पण जाळीचा मोठा मॉडेल तुझ्या बजेटच्या वर जाईल. माझा सल्ला, २३०-२५० चा ब्लाइंड घे आणि उरलेल्या पैशांत खुर्ची घे. खरंच. आवाज न करता फिरणारी, पाय वेगवेगळे वरखाली करता येणारी खुर्ची, कारण तुझ्या त्या भागात सपाट जमीन शोधून मिळत नाही, आणि कुरकुरणाऱ्या खुर्चीपुढे पाचशे डॉलरचा ब्लाइंडसुद्धा वाया. आधी खुर्ची घे, मग वरचं मोजमाप कर, मग ब्लाइंड, हा क्रम उलटा करू नकोस.

आता जागा, आणि यावर मला जास्त लिहायचंय कारण चांगला ब्लाइंड चुकीच्या जागी लावलेले लोक मी फार बघितलेत. तुझा तो भाग म्हणजे ड्रिफ्टलेस, हिमयुगातल्या हिमनद्यांनी न घासलेला, त्यामुळे उंच कडा आणि खोल दऱ्या, सपाटीवर मका-सोयाबीन आणि उतारावर ओक. हरणं दिवसा उतारावर बसतात, संध्याकाळी शेताकडे निघतात, पहाटे परत. वाटा शोध, पायांनी तुडवलेल्या, आणि ब्लाइंड वाटेवर नाही, वाटेपासून पंधरा-अठरा यार्ड बाजूला लाव.

खिडकीचं तोंड शक्यतो उत्तरेला कर. इकडे शरद आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, उत्तरेकडच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, त्यामुळे अंधार टिकतो. आणि थंडीची लाट येऊन गेली की वारा वायव्येकडून येतो, हरणंही त्याच दिवसांत चांगली हलतात, म्हणजे हरीण उत्तरेला, तू दक्षिणेला, वारा त्याच्याकडून तुझ्याकडे. पश्चिमेला तोंड करून संध्याकाळी बसलास तर मावळतं ऊन थेट तुझ्या तोंडावर आणि ब्लाइंडमधला कोपरान् कोपरा उजळलेला. अर्थात वाटच तशी नसेल तर तडजोड करावी लागते. दक्षिणेचा वारा असेल त्या दिवशी त्या जागी जायचंच नाही, दुसरी जागा किंवा घरी.

दऱ्यांमध्ये वाऱ्याखेरीज हवेची स्वतःची चाल असते. सकाळी ऊन पडलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली घरंगळते, पाण्यासारखी. संध्याकाळी तू उतारावर बसलास आणि हरणं खालच्या ओढ्यातून येणार असतील तर तुझा वास तू न हलता त्यांच्यापर्यंत पोचतो. ब्लाइंड वास अडवतो असं जाहिरातीत म्हणतात, थोडा आतच फिरतो हे खरं, पण खिडकी उघडी आहे तोवर तो बाहेर जाणारच, त्यावर विसंबू नकोस. वारा बघायला पावडरची बाटली मिळते, मी मात्र मिल्कवीडची बोंडं खिशात ठेवतो. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, शेताच्या कडेला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोंडं फुटतात आणि आतून रुईसारखीच म्हातारी उडते. एक म्हातारी खिडकीतून सोडायची आणि बघत राहायचं. सात-आठ फूट सरळ जाते, मग अचानक डावीकडे वळून ओढ्याच्या दिशेने खाली उतरते, आणि तुला कळतं की तुझा वास नेमका कुठे चाललाय. मुलाला हे काम दे, माझ्या पोरीने दोन सीझन हेच केलं आणि वारा तिला माझ्यापेक्षा चांगला कळतो आता.

काही जण सांगतील की ब्लाइंडसमोर मका टाक, हरीण आपोआप येईल. विस्कॉन्सिनमध्ये हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे झिजवत मारणारा रोग, २००२ मध्ये सापडला, तुझाच भाग त्याचं मूळ केंद्र, आणि रोग असलेल्या काउंट्यांमध्ये चारा टाकायला बंदी आहे. ते बरोबरच आहे, एका ढिगावर दहा हरणं तोंड घालतात तिथेच तो पसरतो.

नवीन ब्लाइंडला टर्की काही बिचकत नाहीत, सकाळी लावलेल्या ब्लाइंडला घासून जातात. हरीण तसं नाही. ते थांबतं, मान खालीवर करतं, पाय आपटतं आणि फुर्र करून सगळ्या जंगलाला सांगतं. म्हणून घेतल्या घेतल्या अंगणात पंधरा दिवस उघडा ठेव, रंगाचा आणि प्लॅस्टिकचा वास जाऊ दे, आणि शिकारीच्या दोन-तीन आठवडे आधी जागेवर लाव, शेतकऱ्याला विचारून. लावला की झाकायचा. एखाद्या पडलेल्या झाडाच्या शेंड्यात किंवा रेड सीडर या सदाहरित झाडाच्या झुडपांत खुपसून लाव, मागे गडद काहीतरी हवं. तिथल्याच फांद्या वापर, हिरव्या ओकच्या फांद्या आठवड्यात सुकून बघण्यासारख्या राहत नाहीत, सीडर बरेच दिवस टिकतं. छताची सरळ रेघ आणि चार कोपरे आधी मोड, जंगलात सरळ रेघ नसते. फांद्या कापडाला घासत नाहीत ना बघ, वारा सुटला की खरखर चालू होते. आत पायाखालची सगळी पानं आणि काड्या बाजूला करून काळी माती दिसेपर्यंत साफ कर, ब्लाइंडमध्ये सगळ्यात जास्त आवाज पायांचाच होतो. आणि नुसत्या खुंट्यांवर भरवसा ठेवू नकोस, चारही हबला दोऱ्या बांधून झाडाला किंवा लांब खुंटीला ताण, रिकामा ब्लाइंड वाऱ्यात पतंगासारखा उडतो.

नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो. त्या दिवसांत बो घेऊन जाणाऱ्यालाही अंगावर ब्लेझ ऑरेंज (भडक नारिंगी) किंवा तो चमकता गुलाबी रंग घालावाच लागतो, पण ब्लाइंडच्या आत तो कोणाला दिसणार? म्हणून राज्य सरकारच्या जमिनीवर ब्लाइंडलाही सगळ्या दिशांनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच ऑरेंज किंवा गुलाबी कापड लावायचा नियम आहे. तुझी जमीन खाजगी आहे तरी लाव, छतावर आणि चारही बाजूंना, मुलगा आत आहे. हरणाला तो रंग खटकत नाही हे वर सांगितलंच.

मुलासाठी दोन गोष्टी. गॅसचा हीटर नेणार असशील तर बंद ब्लाइंडमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोप लागते, त्यापेक्षा चांगले बूट, हँड वॉर्मर आणि मांडीवर एक रजई दे. आणि खायला पाकिटातलं काही देऊ नकोस, चिवडा-चिप्सच्या पिशवीचा आवाज खिडकीच्या चेनपेक्षा वाईट. बेसनाचे लाडू फडक्यात बांधून ने, ना आवाज ना चुरा.

बाण मारण्याबद्दल एकच सांगतो कारण ते ब्लाइंडशी जोडलेलं आहे. जमिनीवर तू आणि हरीण एकाच पातळीवर असता, त्याचा डोळा थेट तुझ्या खिडकीत. ते मान खाली घालेल किंवा डोकं झाडामागे जाईल तेव्हाच ताणायचं. पूर्ण आडवं किंवा थोडं तुझ्याकडे पाठ करून उभं असेल तरच सोडायचं, समोरून तोंड करून उभं असेल तर नाही, आणि पहिल्या सीझनला वीस यार्डांच्या पुढे नाही. ऑगस्टपासूनच अंगणात ब्लाइंड लावून, तीच खुर्ची, तेच जॅकेट, त्याच खिडकीतून रोज दहा बाण मार. जाड जॅकेटची बाही दोरीला लागते हे तिथेच कळेल.

सीझन संपला की ब्लाइंड जंगलात सोडू नकोस. डिसेंबरचा ओला बर्फ छतावर साचला की एका रात्रीत हब उलटे होतात आणि काड्या मोडतात, माझे दोन ब्लाइंड असेच गेले. मधेच बर्फ पडला तर दुसऱ्या दिवशी जाऊन आतून हाताने छत हलकेच वर ढकलून झटकून ये. घरी आणल्यावर गॅरेजमध्ये तीन-चार दिवस उभा ठेवून पूर्ण वाळव, शिवणीत हात घालून बघ ओल आहे का, मगच घडी घाल आणि खुंटीला उंच टांग, जमिनीवर ठेवलास तर उंदीर पहिल्यांदा खिडकीच्या दोऱ्याच कुरतडतात.